खाडीत सोडलेला फुटबॉलचा इतिहास

नौपाड्याहून डोंबिवली, तेथून कल्याण, मग दिवा आणि शेवटी कोलशेत, एवढाच हा प्रवास. ही गावे ज्यांच्या रोजच्या येण्याजाण्यातली आहेत, त्यांना याला प्रवास म्हणणे पटणार नाही. मी मात्र शहात्तर वर्षे ठाण्यात राहून खाडी केवळ पुलावरून पाहिली होती. या चार दिवसांत ती मी काठावरून, चिखलातून आणि अखेर एका कोळ्याच्या ओटीवर बसून पाहिली. निमित्त माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचे होते. म्हणून तिचा वृत्तांत मीच लिहिणे उचित.

चातुर्मासात डोंबिवलीच्या एका मंदिरात माझी प्रवचने होती. समाप्तीच्या दिवशी प्रसाद घेऊन मंडळी उठत असता एक प्रौढ बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, घरात परक्या धर्माचं एक जुनं पुस्तक आहे. पानं सुटलीत, कसर लागली आहे. रद्दीत घालवत नाही. काय करावं?"

मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "ग्रंथ कोणत्याही धर्माचा असो, जीर्ण झाला की नमस्कार करून वाहत्या पाण्यात सोडावा."

पुस्तक कोणाचे, कोणत्या भाषेतले, घरात कसे आले, यातले मी काहीच विचारले नाही. शब्द पूर्ण वाचल्याखेरीज अर्थ सांगू नये, असे चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना बजावत आलो होतो. येथे तर मी पुस्तक पाहिलेही नव्हते.

तीन आठवड्यांनी दूरध्वनी आला. "गुरुजी, मी मधुरा. आईला तुम्ही एक पुस्तक विसर्जन करायला सांगितलंत ना? ते धर्मपुस्तक नव्हतं. युक्रेनमधल्या एका फुटबॉल क्लबाचा इतिहास होता."

तिच्या आवाजात राग असता तर मला सोपे गेले असते. तो नव्हता, ती नुसती थकलेली होती.

मार्गशीर्ष शुद्ध तृतीया. डोंबिवली

मधुराच्या आई सुनंदाबाई पोस्टातून निवृत्त झालेल्या. दार उघडताच त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि लगेच लेकीकडे वळून म्हणाल्या, "बघ, स्वतः आले. आता तरी माझ्याशी बोल."

"बोलतेय की," मधुरा म्हणाली. "सकाळी चहा हवा का विचारलं ना!"

मधुरा वैद्यकीच्या शिक्षणासाठी पाच वर्षे युक्रेनमध्ये होती. तेथे पेत्रो नावाच्या वृद्धाच्या घरी ती भाड्याने राहत असे. त्यांना ती 'दीदू' म्हणते. त्या भाषेत आजोबांना अशीच हाक मारतात. दीदूंचे मूळ गाव देशाच्या पूर्वेला, कोळशाच्या खाणींचे. तिथल्या क्लबाचे नाव मी येथे लिहीत नाही. दीदूंचे काही आप्त अजून त्या गावात आहेत आणि त्यांना त्रास होऊ नये अशी दीदूंची इच्छा आहे. मी त्याला खाणीचा संघ म्हणेन.

पोहे आणि चहा समोर ठेवून मधुराने मला त्या संघाचा इतिहास सांगितला. पायाने चेंडू मारण्याच्या खेळाला इतिहास असतो, हे मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो.

खाणीतून काढलेल्या दगडमातीचा डोंगर गावाबाहेर साठला होता. पाळी संपवून वर आलेले मजूर त्याच्या पायथ्याशी खेळू लागले. सदरे पांढरे होते, कारण रंगीत कापड मिळेना. आणि सामना संपेतो सर्वांचे करडे होत, त्यामुळे उत्तरार्धात आपला कोण आणि परका कोण हे चेहऱ्यावरून ओळखावे लागे. पुढे कामगार संघटनेने त्यांना मैदान बांधून दिले. महायुद्धात शत्रूचे सैन्य गावात आले, तेव्हा त्या मैदानावर घोडे बांधले गेले. सैन्य गेल्यावर गावातल्या स्त्रियांनी नदीकाठची हिरवळ चौकोनी कापून, डोक्यावर वाहून आणून तेथे पुन्हा बसवली. त्यानंतर संघ पायरी पायरीने वर चढला. देश स्वतंत्र झाला. एका धनिकाने संघ विकत घेतला, नवी प्रेक्षकसज्जा उभारली, परदेशी खेळाडू आणले. आणि मग पूर्वेला लढाई पेटली. एका सकाळी दोन बसगाड्यांत खेळाडू, चेंडू आणि गोलाची जाळी घालून संघ गाव सोडून निघाला, तो अद्याप परतलेला नाही.

"पण खेळतो," मधुरा म्हणाली. "कुठल्या तरी दुसऱ्या शहराचं मैदान घेतात आणि त्यालाच घरचं मैदान म्हणतात. आता तिसरं शहर झालं. मोठं युद्ध सुरू झाल्यावर तर मध्येच भोंगा वाजतो. मग सगळे तळघरात, दोन्ही संघ एकाच बाकावर. भोंगा थांबला की वर येऊन उरलेला सामना."

हे ऐकताना मला आक्रमणाच्या काळी रातोरात हलवलेल्या आपल्या देवमूर्तींची आठवण झाली. कधी अडगळीत, कधी परक्या गावच्या पडवीत मूर्ती ठेवली जाई. पण नैवेद्य चुकत नसे, आणि जेथे ती असे तेच तोवर तिचे देऊळ. मी तसे म्हणालो. मधुरा प्रथमच किंचित हसली. "दीदूंना आवडलं असतं हे."

दीदू त्या संघाचे खेळाडू नव्हते. ते मैदान राखत आणि गोलाची जाळी विणत. संघाचा छापील इतिहास होता, त्यात सामने, चषक, गोल करणारे. दीदूंनी मात्र एका जाड वहीत दुसराच इतिहास लिहिला. सदरे धुणारी कोण, बस हाकणारा कोण, चेंडू शिवणारा कोण, घोड्यांनंतर हिरवळ वाहून आणणाऱ्या स्त्रिया कोण. जुन्या कचेरीतले कागद जळाले, तेव्हा ही नावे फक्त त्या वहीत उरली. युद्ध सुरू झाल्यावर विद्यार्थी देश सोडून निघाले, त्या दिवशी दीदूंनी ती मधुराच्या पिशवीत घातली. त्यांना वाटले, भारतात ती सर्वांत सुरक्षित राहील.

सुनंदाबाईंनी पदराने डोळे टिपले. "दिवाळीची साफसफाई करताना सापडलं. ही तेव्हा सोलापूरला परीक्षेला. मागे कधीतरी म्हणाली होती, त्या आजोबांना हे देवासारखं आहे. उघडलं तर पहिल्याच पानावर आई आणि बाळाचं चित्र, डोक्यामागे सोनेरी वलय. मी काय समजावं? रोज हळदकुंकू वाहत होते हो त्याला!"

"त्यांच्या देवमातेचं चित्र ते. दीदूंनी शुभ म्हणून चिकटवलं होतं. आणि मग पाण्यात सोडलंस," मधुरा म्हणाली.

"नीट सोडलं! आधी प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळलं, कडा चिकटपट्टीने बंद केल्या, मग लाल बासन, वर सुतळी, आणि नारळ बांधून."

"बुडवायचं होतं ना आई? मग प्लॅस्टिक कशाला?"

"अगं, धर्मग्रंथ तो! भिजला तर कसं वाटेल? आणि पोस्टात तीस वर्षं पार्सलं बांधली, हात आपोआप चालले."

मला त्याही स्थितीत हसू आले; आणि हसू ओसरताच ध्यानात आले की नारळ बांधलेले, हवा कोंडलेले ते पुडके बुडाले नसणार.

घाई होती. संघाने आपल्या सध्याच्या शहरात एका भिंतीवर खेळाडूंबरोबर या सेवकांचीही नावे लिहिण्याचे ठरवले होते. येत्या रविवारी संघाच्या कचेरीतली एक तरुणी दीदूंच्या घरी यायची होती. मधुराने फोनवरून वहीचे एकेक पान दाखवायचे, आणि तिने ते उतरवून घ्यायचे. दीदू आता बरेच विसरू लागले आहेत. वही नाही, हे मधुराने त्यांना अद्याप सांगितलेले नव्हते.

"रविवारी सांगायची वेळ आली तर मी सांगेन," मी म्हणालो. "तोवर शोधू."

ऊन उतरल्यावर आम्ही तिघे, जेथे पुडके सोडले होते त्या रेतीबंदरावर गेलो. तेथे एक वृद्ध नाखवा होडीला डांबर लावत होता. हकिगत ऐकून त्याने एवढेच विचारले, "तिथ कंची व्हती?"

"कार्तिकी एकादशी," सुनंदाबाई म्हणाल्या. "संध्याकाळी."

नाखव्याने डोळे मिटले. "अकराला पाऊणनं गुना. सव्वाआठ. सव्वाआठला समुद्रान भरती पुरी. आमच्याकडं वर खाडीन दीड-दोन तास उशिरा. म्हंजे सांजचं पानी चढत व्हतं. तुमचं पुस्तक वर गेलं, कल्यानला."

तिथीला पाऊणने गुणावे की भरतीची वेळ येते, हे मला कोणी सांगितले नव्हते. पंचांग मी साठ वर्षे वाचतो आहे. त्यात समुद्रही आहे, हे मला रेतीबंदरावर समजले.

शुद्ध चतुर्थी. कल्याण

मधुरा कल्याणच्या एका लहान रुग्णालयात काम करते. तिची पाळी संपल्यावर आम्ही दुर्गाडी किल्ल्याखालच्या गणेश घाटावर गेलो. वर देवीचे देऊळ, खाली संथ रुंद पाणी, आणि काठाला भरतीने आणून ठेवलेल्या वस्तूंची ओळ: झेंडूच्या माळा, थर्माकोलचे तुकडे, एका पायाची बाहुली, फुटलेल्या तसबिरी. ज्या देवांना घरात जागा उरली नाही, ते सारे तेथे रांगेने पडले होते. मी आजवर किती जणांना "पाण्यात सोडा" असे सांगितले असेल, याचा विचार मनात आला आणि मी काठाने चालता चालता पुन्हा पुन्हा वाकून पाहू लागलो.

त्या वाकण्यातच माझा उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत चिखलात रुतला. पाय निघाला, वहाण राहिली. मधुराने काठीने बरेच ढवळले, परंतु खाडीने ती परत केली नाही.

"गुरुजी, एक पुस्तक शोधायला आलो आणि चप्पल देऊन चाललो," ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावून, "सॉरी हं."

"असू दे. माझ्याकडून तिला काहीतरी येणे होतेच."

घाटावर निर्माल्य वेगळे करणाऱ्या कामगारांनी बाजूला काढलेली पुस्तके आम्हाला दाखवली. पोथ्या, स्तोत्रांची पुस्तके, एका विद्यार्थ्याची गणिताची वहीसुद्धा. लाल बासन मात्र नव्हते. मला विनायकीचा उपास होता, म्हणून केळी घेतली. मधुराने गाडीवरून वडापाव घेतला आणि माझ्याकडे पाठ करून खाऊ लागली. मी तिला समोर बसायला सांगितले.

"तुम्हाला राग नाही येत का गुरुजी? म्हणजे, एवढी धडपड, फुटबॉलच्या वहीसाठी?"

"ती वाचल्याखेरीज तिला लहान कसे म्हणू?" मी म्हणालो. "एकदा न पाहता बोललो, तेवढे पुरे झाले."

तिने वडापावाचा कागद चुरगळला. मग म्हणाली, "दीदू रोज स्वयंपाकघरात बटाटे सोलताना ती नावं मोठ्यानं वाचायचे. मी शरीरशास्त्राचा अभ्यास करत बसायची. वाटायचं, कधी थांबतील. आता एक नाव नीट आठवत नाही."

त्याच वेळी सुनंदाबाईंचा फोन आला. आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू आले. "अगं, एकादशी नव्हे! मी वरणभात जेवून गेले होते. एकादशीला मी वरणभात कशी जेवेन? द्वादशीचं पारणं करून गेले, दुपारी बाराला. येताना तुळशीच्या लग्नासाठी ऊस घेतला, तो रिक्षात मावेना म्हणून भांडलेसुद्धा!"

मी मनातल्या मनात बाराला पाऊणने गुणले. नऊ. वर खाडीत अकराच्या सुमारास भरती पुरी. म्हणजे दुपारी बाराला पाणी परत फिरले होते. ग्रंथ वर नव्हे, खाली गेला होता.

शुद्ध पंचमी. दिवा

मधुराला सुटी नव्हती. म्हणून आज सुनंदाबाई आणि मी. नवी वहाण पायाला लागत होती आणि दिव्यात चालायला जागाही बेताची. इमारती इतक्या जवळ की एका घरची फोडणी दुसऱ्या घरात जावी. प्रत्येक दाराशी निळी पिंपे रांगेत मांडलेली, आणि पाण्याचा टँकर वळणावर दिसताच एक बाई दुसरीला ओरडून सांगत होती, "आला गं आला, आज लवकर आला!" आमच्या घरी नळ उघडताना मी हात जोडत नाही. आता कधी कधी जोडतो.

रेतीबंदराच्या नाखव्याने सांगितले होते की ओहोटीला खाली गेलेली वस्तू खाडीतल्या जाळ्यांत सापडते, आणि जाळ्यांच्या बातम्या मासळीबाजारात. मी आयुष्यात मासळीबाजारात पाऊल ठेवलेले नव्हते. दाराशी थबकलो, तशा सुनंदाबाई म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही बाहेर थांबा, मी विचारून येते."

"नको. उत्तर मी दिले होते, प्रश्नही मीच विचारतो."

पहिल्याच पाटीमागे बसलेली हिराबाई मला पाहून मोठ्याने हसली. "अगो बाय, भटजीबावा बाजारान! काय देऊ बावा, बोंबील का निवटी?"

"बाई, मला मासळी नको. एक पोथी हरवली आहे. लाल बासनात, नारळ बांधलेली."

तिचे हसणे थांबले. कोयता खाली ठेवून तिने हात पुसले. "नारळ सुतळीनं बांदलेला? चौकडीन?"

"पार्सलासारखा," सुनंदाबाई घाईने म्हणाल्या.

"मंग ती माझ्या भावाच्या जाल्यान आली. काशिनाथ. कोलशेतला ऱ्हातो. तो समद्यांना इचारत व्हता, कुनाची देवाची पोथी गेली क? कोन घ्यायला येनार? पाण्यान सोडलेला देव परत कोन मांगतं!" मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून ती म्हणाली, "बावा, बसा जरा. पानी घ्या."

मासळीच्या उलट्या पाटीवर बसून मी तिच्या हातचे पाणी प्यालो. ते टँकरचे होते आणि तिने ते तांब्या भरून दिले होते.

चंपाषष्ठी, रविवार. कोलशेत

कोलशेतला एकीकडे कारखान्यांच्या भिंती, दुसरीकडे आकाशात गेलेले मनोरे, आणि दोहोंच्या मध्ये उतारावर खाडीकडे तोंड करून बसलेले कोळीवाड्यातले काशिनाथचे जुने घर. काशिनाथ पन्नाशीचा, हात वडाच्या पारंब्यांसारखे. त्याने आम्हा तिघांना ओटीवर चटई घातली. "यवा, बसा बावा. आज घरान मासली नाय, खंडोबाचा दिस हाय. भरीत न भाकर खाशाल ना?"

चंपाषष्ठीचे वांग्याचे भरीत आमच्याही घरी होते. कांदापात घालून निखाऱ्यावर भाजलेले असे मी येथे प्रथम खाल्ले. तांदळाची भाकरी इतकी मऊ की दातांची आठवण होऊ नये. चातुर्मासात सोडलेले वांगे ज्या दिवशी पुन्हा पानात येते, त्या दिवशी कोळ्याच्या ओटीवर मी आणि तो एकच नैवेद्य जेवत होतो.

जेवण झाल्यावर काशिनाथने आतून वही आणली. सुनंदाबाईंचे दुहेरी प्लॅस्टिक एका कोपऱ्यात फाटले होते आणि तेथून पाणी शिरले होते. काशिनाथने पाने सुटी करून सावलीत, जाळ्याच्या दोरीवर वाळवली होती. मधुराने पहिले पान उलटले. दुसरे. तिसरे. मग ती थांबली.

शाई वाहून गेली होती. प्रत्येक पानावर निळसर ढग उरले होते, आणि कोठे कोठे एखादे अक्षर. एकही नाव पूर्ण नव्हते.

सुनंदाबाईंनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि या वेळी मधुराने तो झटकला नाही.

"ही पानं बगा ना," काशिनाथ हळूच म्हणाला. वहीच्या शेवटच्या भागात पेन्सिलीने काढलेली चित्रे होती आणि ती स्वच्छ राहिली होती: गाठी. दोरीच्या नाना प्रकारच्या गाठी, प्रत्येक तीन-चार पायऱ्यांत उलगडून दाखवलेली, खाली बारीक अक्षरांत काही लिहिलेले. "मना वाचता येत नाय. पन ही गाठ आमचीच, माझा आजा मारायचा. ही पन. आन ही मना ठावं नवती, ती मी शिकलो." त्याने ओटीवर पसरलेल्या जाळ्याची कड उचलून दाखवली. "म्हनून टाकलं नाय. ज्यानं लिवलं तो जालीवाला हाय, एवढं समजलं."

दुपारी ठरल्या वेळी मधुराने फोन लावला. पडद्यावर एक वृद्ध दिसले, लोकरीची टोपी, खोल डोळे. शेजारी कचेरीतली तरुणी, मांडीवर कागद. मी मधुराला म्हणालो, "मी सांगतो ते जसेच्या तसे त्यांना सांग." आणि मी हात जोडून सांगितले की वही मी न पाहता पाण्यात सोडायला लावली, नावे गेली, दोष या मुलीचा नाही आणि तिच्या आईचाही नाही.

मधुरा थांबत थांबत बोलत गेली. दीदूंनी पूर्ण ऐकून घेतले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"काय उरलं, असं विचारताहेत."

तेवढ्यात काशिनाथने पुढे सरकून जाळ्याची ती कड फोनसमोर धरली. दीदू पडद्याच्या इतके जवळ आले की नुसता डोळा दिसू लागला. त्यांनी काहीतरी विचारले, आणि मधुराने सांगण्याआधीच काशिनाथने गाठ सोडून पुन्हा सावकाश मारून दाखवली. दीदूंनी बोटाने हवेत काहीतरी दुरुस्त केले. काशिनाथने तसे केले. "हां! आशी क! म्हनून सैल पडत व्हती," तो म्हणाला. दोघांना एकमेकांचा एक शब्दही कळत नव्हता. दुभाष्याची गरज त्यांना नव्हतीच.

त्यानंतर दीदू सरळ बसले, त्यांनी डोळे मिटले आणि नावे म्हणू लागले. ती तरुणी तिच्या लिपीत लिहीत होती; मी मधुराच्या तोंडून ऐकून देवनागरीत. लहानपणी पाठशाळेत आम्ही गुरुपरंपरेची लांबच लांब नामावली म्हणत असू, अमक्याने तमक्यापासून विद्या घेतली अशी, आणि मला तिचा कंटाळा येई. त्या ओटीवर मला वाटले की त्यांच्यातला एकही सुटू नये. बस हाकणारा ओलेक्सा. चेंडू शिवणारा लंगडा इवान. हिरवळ आणणाऱ्या सात जणी, त्यांत दोघी बहिणी. दीदू एका लयीत चालले होते, आणि अकस्मात थांबले.

सदरे धुणारी. तिच्या हातातली जाड बांगडी त्यांना आठवत होती, हिवाळ्यात गोठलेले सदरे ती फळ्यांसारखे काखेत मारून आणी तेही आठवत होते. नाव येत नव्हते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. तरुणी काहीतरी हळुवार बोलली. दीदूंनी जोराने मान हलवली.

"ती म्हणतेय, एक जागा मोकळी ठेवू," मधुरा म्हणाली. "ते म्हणतात, तिच्याशिवाय यादी द्यायची नाही. करड्या सदऱ्यांना दर आठवड्याला तिनंच पांढरं केलं. बाकी सगळे नंतर."

दीदू आता तिच्याविषयीच बोलत राहिले. वाळत घालायची दोरी ती स्वतः बांधत असे. खाणीवरचा वारा कितीही सुटला तरी तिची गाठ सरकत नसे, आणि ओढली की एका झटक्यात सुटे.

मधुराने हे सांगताच काशिनाथने वही उचलली. "वाऱ्यान न सरकनारी, आन एका हिसक्यान सुटनारी? आशी एकच हाय हिच्यान." त्याने पान उघडून मधुरापुढे धरले. "खाली काय लिवलंय, बग गो पोरी."

मधुराने पान उजेडात नेले. पेन्सिलीचे दोन शब्द. तिने ते त्यांच्या भाषेत मोठ्याने वाचले आणि मग आम्हाला सांगितले, "गालिनाची गाठ."

दीदूंनी ते नाव तीनदा उच्चारले, दर वेळी अधिक हळू. तरुणीने ते लिहून घेतले. मग मधुरा एकेक चित्राखालचे अक्षर लावत गेली. ज्याने ज्याने गाठ शिकवली, त्याचे नाव दीदूंनी खाली लिहून ठेवले होते. त्यांना न आठवलेली आणखी चार नावे अशी मिळाली. सर्व मिळाली का, हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि तो भार माझ्याकडे आहे.

शेवटी दीदूंनी काशिनाथकडे बोट केले.

"तुमचं नाव विचारताहेत. म्हणतात, संघाच्या जाळ्यांची वही यांनी राखली, तर हेही संघाचे सेवक. यादीत घालायचं, आणि तुमच्या अक्षरांत."

"माझं? भिंतीवर?" काशिनाथ लाजून हसला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "मंग बावांचं पन घाला. पुस्तक बुडवनारे!" सुनंदाबाई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मधुराने ते दीदूंना सांगितल्यावर पलीकडेही हशा झाला. मला त्या हशाने जेवढे हलके वाटले, तेवढे क्षमेच्या शब्दांनी वाटले नसते. माझे नाव मात्र घालू नये, अशी मी विनंती केली आणि ती मान्य झाली.

काशिनाथला लिहिता येत नव्हते. मी कागदावर मोठ्या अक्षरांत 'काशिनाथ' लिहून तो फोनसमोर धरला. दीदूंनी कागद-पेन्सिल घेतली आणि ते एकेक अक्षर पाहून उतरवू लागले. 'का'चा काना त्यांनी पुन्हा पुन्हा ताडून पाहिला. 'थ' दोनदा पुसला. सारी अक्षरे सुटी सुटी उभी राहिल्यावर ते वर पाहू लागले. आता काय, असे. मी बोटाने डावीकडून उजवीकडे आडवी रेघ दाखवली.

मैदानावर चुन्याच्या रेघा आखण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या वृद्धाने पेन्सिल नीट धरली, श्वास रोखला, आणि चारही अक्षरांवरून शिरोरेषा एका दमात, सरळ ओढली.